मुद्दाम या शब्दाचं इंग्रजी

१७ जानेवारी १९८२, आगाशी

सकाळी जेम्स लोपीस आला. एके काळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक टेन्स चुकवायचा. आता वसईच्या कोर्टात वकील आहे आणि पापडीला त्याचं ऑफिस आहे. तरी मला बाईच म्हणतो, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसताना अजून अवघडतो.

"बाई, थोडे कागद इंग्रजीत करून हवेत. हायकोर्टात अपील आहे. तिथल्या मोठ्या वकिलांना मराठी वाचता येत नाही."

मी म्हटलं, कोर्टाचे भाषांतरकार असतात ना? तो म्हणाला, असतात, आणि त्यांनी केलंही आहे. पण त्यातल्या एका शब्दावर माणूस जन्मठेप भोगतोय.

खाडीकडच्या गावातलं प्रकरण आहे. शत्रुघ्न नावाचा भातशेतीवाला. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको रंभा स्वयंपाकघरात भाजली आणि दोन दिवसांनी गेली. त्याआधी इस्पितळात मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिचा जबाब घेतला. जेम्सने तो वाचून दाखवला. तिच्या बोलीतच लिहिला आहे: "सकाली आमचा भांडान झाला. स्टो पेटत नव्हता. त्यांनी मुद्दाम आगाशीसून घासलेट आनला. मंग भडका झाला. पोरांना भेटवा."

बस, एवढंच. भाषांतरात 'मुद्दाम' ला 'ऑन पर्पज' लावलं आहे. शेजाऱ्यांनी भांडणं ऐकली होती. कोर्टाने दोन्ही जोडली: नवऱ्याने जाळायच्या हेतूने घासलेट आणलं.

"आणि तुझं म्हणणं काय?" मी विचारलं.

"त्या वर्षी घासलेट मिळत कुठे होतं, बाई? रेशनला नव्हतं म्हणून तो मुद्दाम एवढ्या लांब आगाशीला आला. बायकोने कौतुकाने सांगितलं असेल."

दादाला फार आनंद झाला. "आमची सुशी बी.ए.ला कॉलेजात पहिली होती," असं त्याने जेम्सला सांगितलं. जेम्सला ते माहीत आहे. वडील गेल्यावर दादाने स्वतःचं शिक्षण सोडलं, वाडी सांभाळली आणि मला शिकवलं. त्याला सांगायचा हक्क आहे.

वहिनीने चहा डाव्या हाताने दिला. उजव्या मनगटाला फडकं बांधलं होतं. रहाटाचा दांडा लागला म्हणाली. पंप बसवल्यापासून रहाट कोण वापरतं? पण वीज जाते, तेव्हा वापरत असेल.

काम घेतलं.

१९ जानेवारी

शाळेतून आल्यावर मोठा शब्दकोश काढला. कॉलेजात बक्षीस मिळालेला. बांधणी सुटली आहे, पण शब्द सगळे जागेवर आहेत.

'पर्पज' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळात अर्थ 'पुढे ठेवणे'. मनाने एखादी गोष्ट पुढे ठेवायची आणि तिच्याकडे चालत जायचं. पूर्वी इंग्रज 'ऑफ पर्पज' म्हणत, 'ऑन' मागाहून आला. समानार्थी शब्द ओळीने दिले आहेत: पर्पजली, डेलिबरेटली, इंटेन्शनली, विलफुली, नोइंगली. सगळे आरोपीच्या पिंजऱ्यातले. चांगलं काम कुणी विलफुली करत नाही.

गंमत अशी की जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'ही केम ऑन पर्पज टु सी मी' असं वाक्य सर्रास येतं. म्हणजे तो मला भेटायला मुद्दाम आला. तेव्हा तो शब्द आपल्या शब्दासारखाच दोन्हीकडे चालत होता. पुढे इंग्रजांनी त्याची चांगली बाजू झिजवून टाकली.

आपला 'मुद्दाम' अरबीतून आला असं मराठी कोशात आहे. तो अजून दोन्हीकडे चालतो. आई म्हणायची, "मुद्दाम तुझ्यासाठी राखून ठेवलं." आणि वर्गात मी म्हणते, "मुद्दाम केलंस ना?" कुठला मुद्दाम ते आवाजावरून कळतं.

रंभाचा आवाज कागदावर नाही.

३१ जानेवारी

पाटलांकडे हळदीकुंकू होतं. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून मला कुणी बोलवत नाही, सवय झाली आहे. पण वहिनीही गेली नाही. हिरवी साडी काढून ठेवली होती, परत घडी करून आत ठेवली. डोकं दुखतंय म्हणाली. पदर गालावर ओढून दिवसभर पाठीमागच्या पडवीत, सुकेळी म्हणून वाळवायची केळी सोलत बसली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तुम्ही वाचा, वन्सं."

हल्ली तिचं कशात लक्ष नसतं. मूल नाही, त्याचं असेल. दादा म्हणतो, तिला माणसांची आवड राहिली नाही.

६ फेब्रुवारी

शाळा अर्धा दिवस. एसटीने पापडीला गेले. जेम्सच्या ऑफिसात सगळे कागद पाहिले. साक्षीदारांच्या साक्षी, पंचनामा, डॉक्टरांचा कागद. डॉक्टरांच्या कागदावर मधेच एक ओळ आहे: जुने व्रण, डाव्या दंडावर. जेम्स म्हणाला, ते सोडा, ते भाजण्याच्या आधीचं आहे.

मी त्याला 'एक्स्प्रेसली' सुचवला. त्यात दोन्ही बसतात. जेम्सने मान हलवली.

"दोन्ही बसतात म्हणूनच नको. जज्ज विचारतील, कुठलं? मग आम्ही काय सांगू? 'स्पेशली' लिहा, बाई. स्पेशली गेला आणि आणलं."

"आणि तिला दुसरं म्हणायचं असेल तर?"

"ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही."

मी सरळ विचारलं, "जेम्स, त्याने तिला जाळलं का?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. "मी त्याचा वकील आहे, बाई."

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, हे काम नाकारावं. मग वाटलं, नाकारलं तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतील. तो माझ्याइतका विचार करणार नाही.

१४ फेब्रुवारी

आज रंभाची आई आली. जिजा. सत्तरीची असेल. ओट्यावर बसा म्हटलं तर बसली नाही, अंगणातच उकिडवी बसली. माझं नाव तिला कुणी सांगितलं कोण जाणे. खाडीकडे बातमी पाण्याबरोबर फिरते.

"माजे पोरीचा बोलना तुमच्याकरं हाय असा समजला," ती म्हणाली. "तुमी त्याचा इंग्रजी करताव."

मी हो म्हटलं.

"तवा मी दाराच्या भायेर व्हते. मना आत येव दिला नाय. पन मी ऐकला."

ऐकणारं माणूस माझ्यासमोर होतं. मी विचारलं, "जिजाबाई, नीट आठवून सांगा. 'मुद्दाम' म्हणाली तेव्हा ती कशी म्हणाली? रागाने, का..."

तिने मान झटकन वर केली.

"कशी म्हंजे? जललेली बाई कशी बोलंल? तिचे व्हट तरी व्हते का?"

मग तीच म्हणाली, "मुद्दाम म्हंजे मुद्दाम. तुमच्यात दुसरा काय म्हंतान?"

मी तिला दोन्ही अर्थ समजावून सांगितले. शाळेत समजावते तशी उदाहरणं देऊन. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"त्यानी काय केला ता मी बघला नाय. खोटा कशाला बोलू? पन आधी ती माज्याकरं येवाची. येकदा हात सुजलेला. म्हने, पान्याचा हंडा परला. मी पन तिला म्हटला, सांभालून ऱ्हा. परत लावून दिली." ती जमिनीवर बोटाने काहीतरी ओढत होती. "तिची दोन पोरां माज्याकरं हान. त्याला तुमी सोरवला तं तो पोरांना नेल."

वहिनी दारात उभी होती, मला कळलंच नव्हतं. "चहा ठेवते," म्हणाली. जिजा नको नको म्हणत असताना ठेवलाच. मग दोघी विहिरीकडे गेल्या आणि कितीतरी वेळ तिथे बसल्या. मी पेपर तपासत होते. वहिनी इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. काय बोलत होत्या कुणास ठाऊक. जाताना जिजाच्या ओच्यात सुकेळी बांधून दिली.

१५ फेब्रुवारी

दादाला जिजा आल्याचं कळलं. जेवताना म्हणाला, "असल्या लोकांना अंगणात घ्यायचं नाही. घरातली भांडणं कोर्टात न्यायची, मग चार माणसांच्या घरी जाऊन रडायचं." मी म्हटलं, तिची मुलगी मेली आहे. तो म्हणाला, "मेली ते वाईटच. पण नवरा-बायकोत काय झालं ते तिसऱ्याला कसं कळणार? तू शिकलेली आहेस, तूच सांग."

त्यात खोटं काही नाही.

त्याचा हात जोरात लागून आमटीचं भांडं कलंडलं. वहिनीने पुसून घेतलं. नंतर आतून डबा पडल्याचा आवाज आला. ही मांडणी एकदा नीट ठोकून घ्यायला हवी.

२१ फेब्रुवारी

मी खिडकीत कागद पसरून बसले होते. वहिनी केस विंचरायला येऊन बसली. एकदम म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्या बाईचं बोलणं लिहिताय ना. बाई मेल्यावर साहेब येऊन लिहून घेतात. जिवंत असली तर कोण लिहून घेतं?"

"मेल्यावर नाही गं. मरायच्या आधी."

"तेच. आणि मरणार नसली तर?"

मी म्हटलं, चौकीत जाऊन तक्रार द्यायची असते. साक्षीदार लागतो. पण तू हे कशाला विचारतेस?

"सहज."

फणीत केस बरेच आले होते. मी म्हटलं, खोबरेल लावत जा.

२७ फेब्रुवारी

चार दिवस वहिनीचा उजवा कान ठणकतोय. हाक मारली तर वळत नाही. अंघोळीचं पाणी गेलं असावं. आज दादा भरदुपारी, वाडीतलं काम टाकून, मुद्दाम विरारला गेला आणि डॉक्टरांकडून कानात घालायचे थेंब घेऊन आला. स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन घातले. मी दारातून पाहिलं. वहिनी डोळे मिटून पडली होती.

मला एकदम भरून आलं, आणि त्याच क्षणी त्या वाक्याचं सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. शेजारणींनी दादाचा नुसता आवाज ऐकला तर त्यांना काय वाटेल? तो बोलतो मोठ्याने, रागावतो. पण थेंब आणायला उन्हातून तोच जातो. हे पंचनाम्यात येत नाही. शत्रुघ्नही असाच असेल. सकाळी भांडला, मग पश्चात्ताप झाला, म्हणून एवढ्या लांब येऊन घासलेट घेऊन गेला. रंभाला शेवटी तेच आठवलं असणार. माणसाला जाताना चांगलंच आठवतं.

संध्याकाळी बसून वाक्य पुरं केलं. 'माय हजबंड हॅड स्पेशली गॉन टु आगाशी अँड ब्रॉट केरोसीन.' वाचून पाहिलं. इंग्रजी म्हणून निर्दोष आहे.

३ मार्च

रजा टाकून वसईला गेले. शपथपत्रावर सही केली: भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरं आणि बरोबर आहे. कोर्टातल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मजकूर मान्य?" मी हो म्हटलं. जेम्सने उसाचा रस पाजला. रस चांगला होता. तरी घरी आल्यावर चूळ भरावीशी वाटली.

२ जुलै

शाळा सुरू झाली, त्या गडबडीत वहीकडे फिरकले नाही. आज मधल्या सुट्टीत जेम्स पावसात भिजत शाळेतच आला. शत्रुघ्न सुटला. न्यायमूर्तींनी म्हटलं की जबाबातल्या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दुसरा अर्थ अशक्य नाही. संशयाचा फायदा.

"तुमच्यामुळे, बाई," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की नुसता थकवा, कळलं नाही.

दोन अर्थ होतात, एवढंच म्हटलं त्यांनी. माझा अर्थ खरा असं कुणी म्हटलेलं नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, वा, आपल्या शाळेचं नाव झालं.

घरी वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून डाव्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं, वन्सं."

११ जुलै

शत्रुघ्न आला. पानात गुंडाळून खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या, आणल्या होत्या. मी कल्पना केली होती त्याहून लहान दिसतो. खांदे उतरलेले, केस पिकलेले, तुरुंगात आलेला खोकला. ओट्याच्या कडेला बसला. दादाने त्याची चांगली विचारपूस केली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी घासलेट आणायला आगाशीला कशाला आलात?"

"रेशनला नव्हता ना, बाई. रंभाच बोलली, आगाशीला भेटतंय, जा. म्हनून आलो." त्याचे डोळे भरले. "स्टो भरताना ती वात इजवायला इसरली का काय, मना नाय माईत. मी अंगनात व्हतो."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणजे मी बरोबर होते! इतके महिने मनात जे टोचत होतं ते या एका वाक्याने निघालं. मी जवळजवळ हसलेच.

मग तो दादाकडे वळून म्हणाला, "कोरटात सगली बोलली, मारायचा, मारायचा. आता बायको हाय, बोलनारच. रागात येखादी लगावली आसंल. म्हनून काय जीव घेतला का?"

"तेच तर," दादा म्हणाला.

त्याला मुलं परत हवी आहेत. जिजा देत नाही. अर्ज लिहून द्याल का म्हणून विचारत होता. मी बघते म्हटलं. पाणी मागितलं तेव्हा मी वहिनीला हाक मारली, पण ती आली नाही. मीच आणून दिलं.

चिंबोऱ्या तिने साफ केल्या नाहीत. मला येत नाहीत. शेवटी बाजूच्या बाईंना दिल्या. त्यावरून दादा चिडला.

२५ जुलै

वहिनीशी बोलणं झालं. व्हायला नको होतं.

मी शत्रुघ्नच्या अर्जाचा मसुदा करत होते. ती येऊन समोर उभी राहिली. बसली नाही.

"तुम्ही तो अर्ज लिहू नका."

मी म्हटलं, बाप आहे तो त्यांचा. आणि त्याने ते केलं नाही, हे आता कळलं ना? शब्दाचा अर्थ मी बरोबर लावला होता.

"लावला असेल," ती म्हणाली. "घासलेट त्याने प्रेमानेच आणलं असेल. म्हणून आधीचं सगळं पुसलं?"

"आधीचा खटला नव्हता, वहिनी."

वाडीत पाऊस केळीच्या पानांवर वाजत होता. मग ती म्हणाली, "वन्सं, तुमची खोली आमच्या खोलीला लागून आहे. मधे कुडाची भिंत आहे. तुम्हाला ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, मी लवकर झोपते. मला गाढ झोप लागते.

"बावीस वर्षं?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? दादाने माझं लग्न जमवायला काय कमी खटपट केली? जमलं नाही तेव्हा, हे घर तुझंच आहे, असं त्याने मला सांगितलं. त्यालाही आता बावीसच वर्षं झाली. त्या वेळी वहिनी नवी नवरी होती. मला ती आवडली होती. अजूनही आवडते. हे तिला सांगायचं राहून गेलं.

मसुदा पुरा केला नाही. जेम्सकरवी शत्रुघ्नला कळवलं की वेळ नाही.

६ ऑगस्ट

रात्री पलीकडे आवाज झाला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं-खिडक्या वाजतातच. सकाळी वहिनी नेहमीसारखी उठली, अंगण झाडलं. डोळ्याखाली काळंनिळं होतं. मी विचारायच्या आत म्हणाली, "पडले." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

मला शाळेची घाई होती.

८ ऑगस्ट

कालचं लिहिते.

शाळेतून दुपारी आले तर वहिनी घरात नव्हती. दादा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "चौकीत गेलीय. ती खाडीकडची म्हातारी आणि तुझा तो जेम्स, दोघं बरोबर आहेत. वकील म्हणून हिनेच त्याला बोलावलं म्हणे." आवाज अगदी शांत होता. "तुझं नाव साक्षीला दिलंय. शिपाई येऊन गेला. जा तू."

मी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"जा. मी काही सांगणार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं असशील तेवढं सांग. खोटं बोलू नकोस." मग त्याने वर पाहिलं. "संध्याकाळी येशील ना जेवायला?"

चौकीत वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी जिजा. जेम्स उभा राहिला, पण बाई म्हणाला नाही. हवालदार सभ्य होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद पुढे ओढला.

"त्याच घरात राहता?"

"हो."

"तुमच्या भावाला यांना मारताना पाहिलंत?"

मी खरोखर पाहिलेलं नाही. एकदाही नाही. ते नेहमी दाराच्या आत झालं. मी आधीच दुसऱ्या खोलीत गेलेली असे. "नाही," मी म्हटलं.

"ऐकलंत?"

"आवाज ऐकले आहेत. कशाचे, ते सांगता येणार नाही."

"मारल्याचे? रडल्याचे?"

"मी अंदाजाने सांगणार नाही."

दारातून जेम्स म्हणाला, "बाई..." हवालदारांनी त्याला हाताने थांबवलं. "जखमा पाहिल्यात?"

"पाहिल्या. ती पडले म्हणाली."

त्यांनी ते सगळं लिहिलं. मग वाचून दाखवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'मी काहीही पाहीलेले नाही,' असं होतं. मी पेन मागून घेतलं, 'पाहीलेले' मधली 'ही' ऱ्हस्व केली, आणि खाली सही केली. सही नीट आली, नेहमीसारखी.

बाहेर आले. वहिनी उठली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ओरडेल. ते बरं झालं असतं.

"वन्सं, आमटी करून ठेवलीय," ती म्हणाली. "झाकली आहे. रात्रीच संपवा, उद्यापर्यंत टिकायची नाही."

मग जिजाचा हात धरून ती पायऱ्या उतरली. खाडीकडच्या रस्त्याला लागल्या दोघी. जेम्स त्यांच्या मागून छत्री घेऊन गेला. मी एसटी येईपर्यंत उभी होते. कुणी वळून पाहिलं नाही.

घरी येऊन भात लावला, आमटी ऊन केली, दादाला वाढलं. त्याने चौकीतलं काही विचारलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढ्यात त्याला कळलं. आमटी दोनदा मागून घेतली.

"तुझ्या हाताला चांगली चव आहे की," तो म्हणाला. "बघ, तिच्यावाचून काही अडलं का?"

मी सांगितलं नाही की ती तिनेच केली होती.